सावली नक्की कोणाची?

दिल्लीत संसद मार्गावर, कनॉट प्लेसपासून पायी जाता येईल इतक्या जवळ, एक भलामोठा तिरका जिना आहे. पायऱ्या चढत जातात, चढत जातात, आणि वर पोचल्यावर ना खोली, ना गच्ची, ना देऊळ. पुढे नुसतं आकाश! मग एवढा खटाटोप कशासाठी? तर या जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली पडावी म्हणून.

हे जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र. जयपूरचे महाराजा सवाई जयसिंह यांनी 1724 मध्ये दिल्लीची ही वेधशाळा उभारली. सम्राट यंत्राची उंची सुमारे 20 मीटर, म्हणजे जवळजवळ सात मजले. त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठ्या कमानींसारखे वक्र पट्टे आहेत आणि त्यांवर वेळेच्या खुणा. सकाळी सावली पश्चिमेच्या पट्ट्यावर, दुपारनंतर पूर्वेच्या. ती मिनिटाला साधारण 6 सेंटिमीटर सरकते. म्हणजे दोन मिनिटं टक लावून पाहिलंत, तर वेळ चालताना चक्क डोळ्यांना दिसते.

आता मला सांगा, ही सावली कोणाची?

‘भिंतीची!’ असं तुम्ही लगेच म्हणाल. पण सूर्य नसता तर? आणि सूर्य आहे, भिंत आहे, पण समोर पट्टाच नसता, तर ती पडली असती कशावर? म्हणजे सावलीला तिघं लागतात: उजेड, तो अडवणारं काहीतरी, आणि पडायला जागा. तिघांतला एक जरी गेला तरी सावली गेली. पण गंमत अशी, की सावली गेली तर त्या तिघांचं काहीच बिघडत नाही. अमावास्येच्या रात्री जंतरमंतरवर सूर्याची सावली नसते, भिंत मात्र तिथेच ठाम उभी असते. सावली भिंतीवर अवलंबून, भिंत सावलीवर नाही. हे अवलंबून असणं एकाच दिशेने वाहतं.

सगळीच नाती अशी एकतर्फी असतात का? मुळीच नाही. असं समजा, साताऱ्यात एका ताईला मुलगी झाली. ताईचा धाकटा भाऊ त्या वेळी दिल्लीत, राजीव चौकाच्या मेट्रो स्टेशनात, गर्दीत उभा आहे. फोन अजून वाजलेला नाही. त्याचं वजन बदललं नाही, डोक्यावरचा एक केस हलला नाही, तरी त्या क्षणी तो मामा झाला! हे मामापण आलं कुठून? डॉक्टरांनी त्याला कितीही तपासलं, एक्स-रे काढला, रक्त तपासलं, तरी त्याच्या अंगात ‘मामा’ काही सापडणार नाही. बाळाच्या अंगातही सापडणार नाही. ते दोघांच्या मध्ये आहे. आणि इथे अवलंबून असणं दोन्ही बाजूंनी आहे. भाची नसेल तर मामा नाही, मामा नसेल तर भाची नाही. मला हे फार विलक्षण वाटतं. जगातल्या कितीतरी खऱ्या गोष्टी कुठल्याच एका वस्तूत नसतात. त्या वस्तूंच्या मधे असतात, आणि तरीही अगदी खऱ्या असतात.

आपल्या देशात या मधल्या गोष्टींचा विचार करणारे लोक फार पूर्वी होऊन गेले. वैशेषिक दर्शन मांडणाऱ्यांनी जगात काय काय आहे याची यादी केली, तेव्हा वस्तू आणि त्यांचे गुण लिहून ते थांबले नाहीत, संबंधांचाही विचार केला. त्यांतले दोन संबंध तुम्हाला जंतरमंतरवर सहज दिसतील. भिंतीवर पोपट बसला. पोपट आणि भिंत यांचा झाला संयोग. पोपट उडाला की संपला, दोघं वेगळे. पण पोपट आणि त्याचा हिरवा रंग? पोपट उडतो तो रंगासकट. रंग भिंतीवर ठेवून नुसता पोपट उडाला, असं होत नाही. या न सुटणाऱ्या संबंधाला त्यांनी समवाय म्हटलं.

आणि सावली? तिच्यावरून तर केवढा वाद झाला! मीमांसा दर्शनातले कुमारिल भट्टांच्या परंपरेतले पंडित म्हणत, अंधार, मग तो सावलीतला का असेना, ही एक वस्तूच आहे, कारण तो काळा दिसतो आणि सरकतोसुद्धा. वैशेषिक म्हणत, छे, अंधार म्हणजे फक्त उजेडाचा अभाव. सरकतो तो दिवा किंवा उजेड अडवणारा माणूस, आणि आपल्याला वाटतं अंधारच सरकला. मी वैशेषिकांच्या बाजूने आहे. पण मीमांसकांचा प्रश्न मनातून जात नाही. जे नुसतं ‘नसणं’ आहे, ते मिनिटाला 6 सेंटिमीटर सरकून आपल्याला बरोबर वेळ कसं सांगतं?

आणखी एक कोडं घ्या. दुपारची वेळ. सम्राट यंत्राच्या सावलीत एक खार येऊन बसली. दिल्लीत खारींना तोटा नाही. आता त्या खारीची सावली कुठे आहे? तिच्यापर्यंत थेट ऊन पोचतच नाही, मग ती अडवणार काय? म्हणून तिला सावली नाही. खार तीच, शेपटी तीच, चार पावलं उन्हात गेली की सावली हजर. सावली असण्यासाठी खार कशी आहे एवढं पुरत नाही. ती कुठे आहे, तिच्या आणि सूर्याच्या मधे कोण उभं आहे, हेही लागतं.

हेच दुःख आज जंतरमंतरच्या वाट्याला आलं आहे. जयसिंहांच्या काळी इथून आकाश मोकळं दिसायचं. आता चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या आहेत. त्या यंत्रांवरचं ऊन अडवतात. यंत्र आपल्या जागीच उभं आहे, तरी ते पूर्वीसारखं काम करू शकत नाही. नोव्हेंबरात दिल्लीवर धुरकं पसरतं तेव्हा उरलेली सावलीही फिकट होते. एखादी वस्तू जपायची तर नुसती वस्तू जपून भागत नाही, ती ज्यांच्यावर अवलंबून आहे ते सगळं जपावं लागतं. दिल्लीकरांनी या आकाशाचा विचार वेळेवर करायला हवा होता, असं मला फार वाटतं.

सम्राट यंत्रापासून थोडं पुढे जा. तिथे जयप्रकाश यंत्र आहे: दोन मोठे अर्धगोल वाडगे. प्रत्येक वाडग्यात काही ठिकाणी पृष्ठभाग आहे, काही ठिकाणी मोकळ्या फटी. नीट पाहिलंत तर कळेल, एकात जिथे पृष्ठभाग आहे तिथे दुसऱ्यात फट, आणि एकात फट तिथे दुसऱ्यात पृष्ठभाग. वर ताणलेल्या तारांच्या मध्याची सावली आत पडायची आणि फटीत उभा राहून माणूस ती जवळून वाचायचा. सावली सरकत फटीत शिरली, की पळायचं दुसऱ्या वाडग्याकडे. तिथे ती नेमकी पृष्ठभागावर आलेली असायची. एकटा वाडगा अर्धंच आकाश वाचू शकतो. मामा-भाचीसारखीच ही जोडी, एकाचं काम दुसऱ्यावाचून पुरं होत नाही.

आता समजा, सम्राट यंत्र तुम्हाला इतकं आवडलं की तुम्ही ते उचलून पुण्याला आणलं. चालेल? नाही चालणार. त्या तिरक्या भिंतीचा जमिनीशी असलेला कोन दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 28.6 अंश आहे, म्हणून तिची धार रात्री बरोबर ध्रुवताऱ्याच्या दिशेला रोखलेली असते. पुण्याचा अक्षांश 18.5 अंश. इथे ती धार ध्रुवताऱ्याच्या बऱ्याच वर जाईल आणि वेळ चुकेल. भिंत दिल्लीची आहे ती नुसती पत्त्यापुरती नाही, तिच्या तिरकेपणातच दिल्ली आहे.

दिल्लीला जाणारे बरेच मराठी पाहुणे जुन्या महाराष्ट्र सदनात उतरतात. ते कोपर्निकस मार्गावर आहे. तोच कोपर्निकस, ज्याने 1543 साली छापलेल्या पुस्तकात मांडलं, की सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही, पृथ्वीच फिरते. मग सूर्य चालतो असं मानून बांधलेल्या सावलीच्या घड्याळाचं काय होणार? काहीच नाही! सावलीला फक्त सूर्य आणि भिंत एकमेकांच्या कुठल्या बाजूला आहेत, याच्याशी देणंघेणं. दोघांतलं नक्की कोण हललं, हे तिला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

आता तुमच्या हातात एक प्रयोग देते. दिल्लीत तुमचं कोणी आहे का? मावसभाऊ, मैत्रीण, आत्या? 22 डिसेंबरच्या आसपास एखाद्या दिवशी दोघांनी एक मीटर लांबीची काठी सपाट जागी सरळ उभी करायची आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. घड्याळात 12 वाजण्याची वाट पाहू नका. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. दिल्लीत सावली सरासरीने 12 वाजून 21 मिनिटांच्या सुमाराला सर्वांत आखूड होते, पुण्यात 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमाराला. दर दोन मिनिटांनी खडूने खूण करत राहा, म्हणजे चुकणार नाही.

दिल्लीत सावली भरेल सुमारे 128 सेंटिमीटर, पुण्यात सुमारे 90. दोघांनी वहीत काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण प्रमाणात काढायचा आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. दिल्लीचा येईल 52 अंशांच्या जवळ, पुण्याचा 42 च्या. फरक 10 अंश. पूर्ण वर्तुळाचे अंश 360, म्हणजे असे 36 तुकडे. पुणे आणि दिल्ली यांच्या अक्षांशांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे 1120 किलोमीटर आहे. 36 गुणिले 1120 करून पाहा. उत्तर येतं 40,320 किलोमीटर, आणि पृथ्वीचा खरा घेर आहे सुमारे 40,000! सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये, आस्वान आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांच्या सावल्यांवरून असाच हिशेब केला होता.

तुमच्या एकट्या काठीकडे कितीही वेळ पाहत बसा, तीत पृथ्वीचा घेर सापडणार नाही. दिल्लीच्या काठीतही नाही. तेव्हा आधी फोन करून तारीख ठरवा. दिल्लीत त्या दिवशी धुकं असेल, तर दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा मोजा.