डिझेल ट्रकचा ब्रेक आणि दाबाचं गणित

आठवीच्या 'बल व दाब' या धड्यात आपण शिकलो की दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते कुठे वापरतात असं विचारलं की वर्ग गप्प! आज त्याचं एक उदाहरण बघूया.

अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एफ-२५० या ट्रकमध्ये १९८३ पासून ६.९ लिटरचं डिझेल इंजिन मिळू लागलं. (ट्रक म्हटलं तरी हा आपल्या पिकअपसारखाच, फक्त अंगाने बराच मोठा.) असे जुने ट्रक बाळगणारे लोक त्यांचा मूळचा व्हॅक्यूम बूस्टर काढून तिथे तेलाच्या दाबावर चालणारा बूस्टर बसवतात. त्याला हायड्रोबूस्ट म्हणतात. हा खटाटोप कशासाठी?

बूस्टर म्हणजे पायाला मदत करणारा गडी. व्हॅक्यूम बूस्टर हा पत्र्याचा गोल डबा असतो, आत रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की पेडलच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. पेट्रोल इंजिन हवा ओढायचं काम स्वतःच करतं, कारण त्याच्या हवेच्या वाटेवर झडप असते आणि तिच्यामागे ओढ तयार होते. या डिझेल इंजिनात तशी झडपच नाही. म्हणून पट्ट्यावर फिरणारा वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तो थकला की पेडल दगडासारखं कडक लागतं. मागे जड ट्रॉली आणि समोर उतार असेल तर विचार करा!

आता गणित. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. बूस्टरला त्यातला ०.७ मिळाला असं धरू. पडद्याचा व्यास २५ सेमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. सेमी. बल आलं जवळजवळ ३४० किलो. पंप कितीही चांगला आणला तरी हवा १ किलोच्या वर जाऊच शकत नाही. जास्त बल हवं तर डबा मोठा करा, पण बॉनेटखाली जागा कुठे?

हायड्रोबूस्टला तेल मिळतं पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडून, आणि तिथे ७० किलोचा दाब सहज मिळतो. म्हणजे शंभरपट. मग २.५ सेमी व्यासाचा, शंभरपट लहान पिस्टनही तेवढंच बल देतो!

(आपल्याकडच्या मोठ्या मालट्रकचा 'फुस्स' आवाज एअर ब्रेकचा. ती तिसरीच पद्धत, नंतर कधीतरी.)

पण माझ्या मते आधी जुना पंप आणि त्याची रबरी नळी तपासावी. बऱ्याचदा दोष तिथेच असतो, नि तो काढणं स्वस्त पडतं. बदलायचंच ठरलं तर सर्वात मोठा धोका तेलांच्या अदलाबदलीचा. बूस्टरमध्ये स्टिअरिंगचं तेल आणि त्याच्या पुढच्या मास्टर सिलेंडरमध्ये ब्रेक ऑइल. दोन्ही शेजारी शेजारी, पण स्टिअरिंगचं तेल ब्रेकमध्ये गेलं तर तिथली रबरं फुगतात आणि ब्रेकच निकामी होतो. दुसरं म्हणजे बूस्टरमधून परत येणारं तेल थेट टाकीत जायला हवं, वाटेत अडलं तर ब्रेक सुटता सुटत नाही. दांडीची लांबीही नेमकी हवी. थोडी जरी लांब झाली तरी पाय काढल्यावर ब्रेक लागलेलाच राहतो, आणि चाकं तापतात.

एक प्रश्न हुशार मुलं विचारतीलच: इंजिन बंद पडलं तर? हायड्रोबूस्टला दाब साठवणारी छोटी टाकी असते, तिच्यावर दोन-तीनदा ब्रेक मारता येतो. त्यानंतर फक्त पायाचा जोर. म्हणून दुरुस्तीआधी इंजिन बंद करून पेडल पुष्कळ वेळा दाबतात, नाहीतर पाइप उघडताच तेल अंगावर उडेल.

गृहपाठ : पडद्याचा व्यास २० सेमी, दाब ०.७ किलो, तर बल किती? वहीत सोडवून आणा.