फाशी की जन्मठेप?

'जन्मठेप म्हणजे १४ वर्षे. म्हणून फाशीच हवी,' असे अनेकजण म्हणतात. हा गैरसमज होय. जन्मठेप म्हणजे आमरण कारावास, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ गोडसे प्रकरणी स्पष्ट केले. देहदंडास पात्र गुन्ह्यांत १४ वर्षांपूर्वी शिक्षेत कायद्याने सूट देऊन सुटका करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

म्हणजे समाजाचे रक्षण फाशीविनाही साधते. अपराध्याचीही मानवी प्रतिष्ठा नष्ट होत नाही, हे सांगून पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ साली कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात देहदंड अस्वीकार्य ठरविला.

पीडित कुटुंबांचे दुःख आम्ही लहान मानीत नाही. परंतु न्यायदानात चूक झाल्यास तुरुंगाचे दार उघडता येते. फासावर गेलेला माणूस परत आणता येत नाही.