मूळ लग्न तीन तासांचं

बारामती-इंदापूर पट्ट्यात नव्वदच्या दशकात ऊसबिल हाती आलं की लग्नात बँडच्या जोडीला ‘शूटिंग’ही ठरायचं. ती व्हीएचएस कॅसेट अजून कित्येकांच्या ट्रंकेत, शालूच्या घडीखाली पडून आहे. पण लावायची कशावर? नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६मध्ये हात टेकले. म्हणून कॅसेट दुकानातून डीव्हीडीवर उतरवून घ्यायला हवी.

कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची फीत असते आणि तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर. फीत सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही. तिच्यावरचं चित्र वाचणारा तिरपा ड्रम मात्र तेवढ्यात २५ गरके घेतो. फीत वाजवतच उतरवावी लागते, म्हणून तीन तासांच्या लग्नाला तीन तास द्यावेच लागतात. दुकानदार दहा मिनिटांत देतो म्हणाला, तर कॅसेट परत घ्या.

आपला भाग पर्जन्यछायेतला, हे इथे पथ्यावर पडतं. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी लवकर धरते. आपल्याकडे भीती उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याची आणि धुळीची. तरीही पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी चित्र वाचणाऱ्या हेडला लागते, तिथून पुढच्या कॅसेटला. कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी आधी मोडा, म्हणजे चुकून भलतं बटण दाबलं तरी लग्नावर बातम्या चढणार नाहीत. मग फीत एकदा शेवटपर्यंत पळवून मागे आणा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात.

४.७ जीबीच्या डीव्हीडीत दोन तास बरे मावतात. तीन कोंबले, तर नेमके अक्षता पडताना चित्राचे चौकोन होतात. दोन डिस्क करा. शिवाय मूळ फाइल हार्ड डिस्कवर मागून घ्या, कारण अशा लिहिलेल्या डिस्कचा थर उन्हाने विटतो. कॅसेटही टाकू नका.

‘कंटाळवाणा भाग कापून देऊ का?’ असं विचारतील. नको म्हणा. बहुतेक कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवून माणसांचे आवाज केव्हाच पुसलेत, निदान चित्र तरी राहू द्या. नवरा-नवरीचे फोटो अल्बममध्ये आहेतच. आजोबांचाही भिंतीवर आहे, हार घातलेला. पण व्हिडिओच्या प्रखर दिव्याने डोळे बारीक करत, पत्रावळीवर आडवा हात धरून वाढप्याला ‘बास’ म्हणणारे आजोबा त्या लांबलेल्या पंगतीतच आहेत.