पिशवीची मागची बाजू

मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कुत्र्याच्या वाट्याला पिढ्यानुपिढ्या उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याची डोकी आली. आता त्याच घरांत डॉग फूडची पिशवीही येते आणि ती निवडताना नजर जाते ती पुढच्या बाजूवरचे मांसाचे चित्र आणि प्रथिनांचा टक्का यांवर. या दोन्हींवरून फारच थोडे कळते. खाद्य कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी परिपूर्ण आहे, हे मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ते किती ताजे आहे, हे तारीख आणि पिशवीचे सील सांगते. कोकणच्या दमट हवेत निवड यांवरच व्हायला हवी.

घटकांच्या यादीचेच पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचे असते. ताज्या कोंबडीत ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ते उडून गेले की यादीत पहिली दिसणारी कोंबडी प्रत्यक्षात तांदळाच्या किंवा मक्याच्या मागे पडू शकते. उलट ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि बरीचशी चरबी काढून केलेली पूड. ती यादीत दुसरी असली तरी जास्त प्रथिने देऊन जाते. मका, मक्याचे ग्लुटेन, मक्याचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावे वेगवेगळी लिहिली, तर प्रत्येक नाव खाली सरकते आणि मांस आपोआप वर येते. ‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दाने मात्र दचकायचे कारण नाही. त्यात कलेजी, पेटा, आतडी, पाय असे भाग येतात आणि कलेजीइतका सकस भाग कोंबडीत दुसरा क्वचितच असेल.

प्रथिनांचा आकडा तर थेट प्रथिने मोजून काढलेलाच नसतो. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. २००७ साली अमेरिकेत हीच फट उघडी पडली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नायट्रोजन वाढवण्यासाठी मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले, कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मेनू फूड्स या कॅनडाच्या कंपनीला ६ कोटींच्या घरात डबे-पाकिटे परत घ्यावी लागली. कागदावर त्या मालाची प्रथिने उत्तम होती. शिवाय ओलावा वजा केल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. ८ टक्के प्रथिने आणि ८० टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्याच्या कोरड्या भागात प्रथिने ४० टक्के भरतात; २२ टक्के प्रथिने आणि १० टक्के ओलावा असलेल्या कोरड्या खाद्यात ती साडेचोवीसच्या आत राहतात. अमेरिकेतील आफको या संस्थेच्या मापाने, कोरड्या भागात प्रौढ कुत्र्याला किमान १८ आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिने लागतात.

कुत्रा लांडग्याचा वंशज, त्याला धान्य कशाला, असे काही जण विचारतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसले की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या सोबतीने कुत्रा भात पचवायला शिकला आहे.

अधिक वजनदार आक्षेप आपल्या अंगणातला आहे: भात आणि मासे खाऊन इथली कुत्री जगतातच, मग पिशवी हवी कशाला? मासे हे कुत्र्याचे उत्तम अन्न आहे, यात शंका नाही. तारली किंवा पेडवे काट्यांसकट मऊ शिजवून घातले, तर कॅल्शियमही मिळते. पण घरात कुत्र्याच्या पुढ्यात बहुधा उरलेला सारभात पडतो. त्यात मीठ असते आणि वाटणातला कांदा असतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. सुरमईचा काटा घशात रुततो. कच्च्या तारलीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारे विकर असते, ते शिजवल्यावरच जाते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजे मासे आटतात आणि खारवलेले सुके बांगडे पुढे येतात, म्हणजे पुन्हा मीठच. मोठे कुत्रे यातले बरेचसे निभावून नेते. पिल्लाचे तसे नाही. नुसता भात आणि माशाचा गर यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढते आणि पाय वाकतात. चांगल्या खाद्याची खरी किंमत या खनिजांच्या हिशेबात आहे. म्हणून रोजचे मुख्य अन्न पिशवीतले ठेवून वर बिनमिठाचा, काटे काढलेला, उकडलेला मासा द्यावा. दिवसभराच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत हे वरचे खाणे चालते.

मात्र परिपूर्ण खाद्यही इथल्या पावसाळ्यात बिघडते. कोरड्या खाद्यात साधारण १० टक्केच ओलावा असतो. उघडी पिशवी हवेतले पाणी ओढते, वरून फवारलेली चरबी खवट होते आणि बुरशी धरते. काही बुरश्यांचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत नासवते आणि शिजवूनही पुरते जात नाही. ते कारखान्यात येणाऱ्या मक्यातूनच शिरू शकते: २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत स्पोर्टमिक्स हे खाद्य याच कारणाने परत घेतले गेले आणि महिन्याभरात ७० हून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद झाली. आपल्याकडचा अन्नसुरक्षा कायदा जनावरांच्या खाद्याला लागू नाही, त्यामुळे डोळे उघडे ठेवण्याचे काम गिऱ्हाइकावरच येते.

तेव्हा पोत्यातून मापून दिलेले सुटे खाद्य घेऊ नका. त्याला ना तारीख, ना बॅच क्रमांक. महिन्याभरात संपेल एवढीच सीलबंद पिशवी घ्या, खाद्य पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ते संपेपर्यंत पिशवी फेकू नका. कुत्र्याने खाणे सोडले, उलट्या केल्या किंवा त्याचे डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर खाद्य तिथेच थांबवा आणि ती पिशवी घेऊनच जनावरांच्या डॉक्टरकडे जा.