अल्प खर्चाचा संगणक आणि मदरबोर्डाचे आकारमान

गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील चाळीत राहणारा पदव्युत्तर विद्यार्थी स्वतःचा संगणक जुळवून घेऊ लागतो, तेव्हा पैशाइतकीच जागेची अडचण त्याच्यापुढे उभी राहते. नायगावच्या बी.डी.डी. चाळींतील मूळ खोली सुमारे १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, निद्रा व अध्ययन सारे तेथेच. साहजिकच डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, तो सर्वांत लहान मदरबोर्ड मागतो. ही मागणी वरवर रास्त दिसली, तरी हिशेबाला उतरत नाही.

प्रचलित आकार मुख्यतः तीन. इंटेलने १९९५ साली रूढ केलेला एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटर, १९९७ चा मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ आणि व्हिया कंपनीने २००१ साली मांडलेला मिनी-आयटीएक्स १७० × १७०. शेवटच्या दोहोंतील क्षेत्रफळाचा फरक सुमारे ३०६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस फुटाचा तिसरा हिस्सा. परंतु उभ्या पेटीत मदरबोर्डही उभाच बसतो. पेटीची रुंदी ठरते ती त्यावर काटकोनात उभ्या राहणाऱ्या पंख्याच्या व ग्राफिक्स कार्डाच्या उंचीवरून. ती मदरबोर्ड लहान केल्याने घटत नाही. मायक्रो-एटीएक्सची पेटी १८ सेंटिमीटर रुंद व ३५ सेंटिमीटर खोल धरली, तर ती पाऊण चौरस फुटाहूनही कमी जमीन अडवते. मिनी-आयटीएक्सने वाचणारी जागा फार तर एका लहान ताटलीएवढी.

या ताटलीचे मोल मात्र बरेच पडते. तेच विद्युन्मार्ग निम्म्या जागेत बसवावयाचे, म्हणून मदरबोर्डास अनेकदा अधिक थर द्यावे लागतात, ग्राहकही थोडे. लहान पेटीस एसएफएक्स जातीचा वीजपुरवठा व बुटका पंखा लागतो, तेही महाग. विस्तारासाठी खाच एकच. मायक्रो-एटीएक्समध्ये चारपर्यंत मिळतात. शिवाय कोंदट पेटीतील लहान पंखा वेगाने फिरून गुणगुणतो. ज्या खोलीत रात्री इतर माणसे निजलेली असतात, तेथे ही बाब प्रस्तुत लेखकास किमतीहून गौण वाटत नाही. १२० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा सावकाश व शांतपणे हलवतो.

ग्राफिक्स कार्ड नकोच असेल, तर गोष्ट वेगळी. पडद्यामागे टांगता येणारा ‘थिन’ मिनी-आयटीएक्स संच जमीन मुळीच अडवत नाही. तेथे अधिक खर्च समर्थनीय ठरतो.

एरवी मायक्रो-एटीएक्स घ्यावा. मात्र स्वस्त नमुने पुष्कळदा २४४ मिलिमीटरपेक्षा अरुंद असतात. त्यांची उजवी कड स्क्रूविना अधांतरी राहते. तेथे चोवीस पिनांची वीजजोडणी दाबून बसवताना मदरबोर्ड लवतो व बारीक तडा जाऊ शकतो. म्हणून ती जोडणी मदरबोर्ड पेटीत बसवण्यापूर्वी, सपाट मेजावर एकदा लावून-काढून सैल करून घ्यावी आणि नंतर कडेस बोटाचा आधार देऊन बसवावी.