बाळंतिणीचे मन

संशोधकाच्या निबंधांची यादी विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. परंतु ती सालवार वाचावी. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील जिल्हा रुग्णालयात २७० गर्भवतींचा अभ्यास केला. २००२ च्या निबंधानुसार प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांपैकी ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणीच ढासळलेले होते! कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याशी बेबनाव. मुलगी जन्मली तर मारहाण व उपासमारीचा घाव आणखी खोल जाई. २००३ च्या निबंधात अशा मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने व लांबीने कमी भरली. म्हणजे आईचे दुःख बाळाच्या अंगी उतरते.

२०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये नैराश्य व चिंताविकारावरील उपायाचा निबंध आला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी छापले.

आपल्या अलिबाग-मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यातही बाळंतीण गप्प झाली, तर ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगाऱ्यावर थांबू नये. आरोग्य केंद्रात न्यावे, किंवा २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. फोन सासूबाईंनी केला तरी चालेल.