‘होल नाइन यार्ड्स’चा नऊवारीशी संबंध आहे का? जाणून घ्या ‘संपूर्ण’ सांगणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचारांची गोष्ट

ऑफिसच्या मेलमध्ये किंवा वेब सीरिजच्या संवादात ‘द होल नाइन यार्ड्स’ हा वाक्प्रचार अनेकदा भेटतो. अर्थ सोपा आहे : सगळेच्या सगळे, काहीही बाकी न ठेवता. यार्ड म्हणजे वार. त्यामुळे हे नऊ वार नऊवारी साडीचेच असावेत, असे मराठी माणसाला वाटणे साहजिक आहे. मात्र, तसा पुरावा नाही.

मग हे ‘नऊ’ आले कुठून?

सर्वाधिक फिरणारी कथा दुसऱ्या महायुद्धाची आहे. लढाऊ विमानातील मशीनगनच्या गोळ्यांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ यार्ड लांब असे आणि वैमानिक तो पूर्ण रिकामा करत, असे सांगितले जाते. पण अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ‘मिचेल कमर्शियल’ या स्थानिक वृत्तपत्रात १९०७ मध्ये ‘फुल नाइन यार्ड्स’ आणि १९०८ मध्ये ‘होल नाइन यार्ड्स’ छापून आल्याचे अभ्यासकांना आढळले. तेव्हा लढाऊ विमानेच नव्हती.

शिवाय, १९१२ मध्ये केंटकीतील वृत्तपत्रात ‘होल सिक्स यार्ड्स’ असाही उल्लेख सापडतो. सहा आणि नऊ दोन्ही चालत होते, म्हणजे हा आकडा एखाद्या ठरावीक वस्तूच्या मापाचा नसावा. सहावारी आणि नऊवारीशी जुळणे हा निव्वळ योगायोग!

अर्थ ‘पूर्ण’, पण जागा वेगळी

असे इतर वाक्प्रचार मात्र एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

• लॉक, स्टॉक अँड बॅरल : हे जुन्या बंदुकीचे तीन भाग : चाप-घोड्याची यंत्रणा, लाकडी दस्ता आणि नळी. कंपनी विकली किंवा घर हलवले, तर हा वाक्प्रचार चपखल बसतो. मराठीत आपण ‘चंबूगबाळे आवरून’ म्हणतो.

• रूट अँड ब्रांच : मुळापासून फांदीपर्यंत. १६४० मध्ये लंडनच्या नागरिकांनी बिशपांची सत्ता समूळ संपवण्यासाठी संसदेला दिलेला अर्ज याच नावाने ओळखला जातो. सुधारणा किंवा उच्चाटनासाठी वापरतात. मराठीतील ‘आमूलाग्र’चा अर्थही मुळापासून टोकापर्यंत असाच आहे.

• हुक, लाइन अँड सिंकर : मासा गळ, दोरी आणि शिसाचे वजन असे सगळेच गिळतो. म्हणजेच पूर्णपणे फसणे, आपल्याकडचे ‘गळाला लागणे’.

चूक कुठे महागात पडते?

‘तुमचा प्रस्ताव पूर्णपणे मान्य आहे,’ असे क्लायंटला कळवताना ‘हुक, लाइन अँड सिंकर’ लिहिले, तर ‘तुम्ही आम्हाला गंडवले’ असा अर्थ निघू शकतो. अशा ठिकाणी साधे ‘कम्प्लीटली’ किंवा ‘इन फुल’ लिहिणेच सुरक्षित.